विजूताईने बोलावलेला शेजारी

दुपारी भाऊजींचा फोन आला. "विजू गेली... झोपेतच," एवढंच म्हणाले. श्वासासाठी चाललेली तिची ओढाताण मी सहा महिने पाहिली होती. आधी रडू आलं नाही. सुटली, असंच वाटलं.

माझी ही मोठी बहीण नव्वदच्या दशकात इंदिरानगरात राहायला गेली, तेव्हा तिथे बंगले, मोकळे प्लॉट, एक किराणा दुकान आणि पिठाची गिरणी. बाकी कशालाही 'गावात', म्हणजे मेन रोडला जायचं. ताईने घराच्या तळमजल्यावर साड्यांचं दुकान काढलं. रोजच्या साडीला शेजारणी यायच्या, लग्नाचा बस्ता बांधायला मात्र गावातच जायच्या. अशी काही वर्षं गेली... आणि मग ताईने शेजारचा आपलाच रिकामा गाळा मेन रोडच्या एका साडीवाल्यालाच भाड्याने दिला.

"स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेस," भाऊजी म्हणाले.

"एकाच दुकानात बघून कुणी बस्ता बांधतं का हो? चार ठिकाणी फिरल्याशिवाय बाईला साडी पसंत पडत नाही. मी एकटी आहे तोवर हे नुसतं दुकान. बाजार नव्हे."

सुरुवातीला गिऱ्हाईक शेजारीच वळायचं. ताई रात्री गल्ला दोनदा मोजायची. पण साडीवाल्यामागून बांगड्यांचं दुकान आलं, सोनार आला, भेळेची गाडी लागली. काही घ्यायचं नसलेली माणसंही संध्याकाळी रेंगाळू लागली. कुंभमेळ्यात गावातले रस्ते बंद झाले तेव्हा तर रीघ लागली. भाऊजी खूश झाले, ताई नाही. "ही नाइलाजाची गर्दी," म्हणाली.

मेळा संपला, रस्ते उघडले. एके दिवशी पंचवटीकडचं एक मळेवाल्यांचं कुटुंब मुलीच्या लग्नाच्या खरेदीला आलं. ताईला राहवलं नाही. "मेन रोड जवळ असताना इतक्या लांब कशा आलात, मावशी?"

"इथं बी चार दुकानं हायेत की. गाडी लावायला जागा हाय, पोरींना भेळ हाय. तिकडं गर्दीत कशाला जीव घुसमटवायचा?"

ती माणसं गेल्यावर ताई मागच्या खोलीत येऊन नुसती बसून राहिली. मग हसली. त्या संध्याकाळी भाऊजी पहिल्यांदा शेजारच्या दुकानात चहा प्यायला गेले.

तिचं दिवसकार्य आटोपल्यावर, परवा मी तिच्या घरी गेलो होतो. दुकान आता तिची सून पाहते. एक बाई मोरपंखी रंग शोधत होत्या, मनासारखा मिळेना. "शेजारी बघून या ना, काकू," सून सहज म्हणाली आणि साड्यांच्या घड्या घालू लागली. बाई बाहेर पडल्या. सुनेने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.