इंजिनाच्या जागी सोयाबीनचा कट्टा

आमच्या दुकानात एक नियम हाय. शेतकरी बोअरची मोटर घ्यायला आला की अप्पा, माझे वडील, आधी विचारतेत, बोअरला पाणी लागलं का? लागलं नसंल तर मोटर न्हाई. पैसे हातात घेऊन उभा असला तरी न्हाई. बस, चहा पी, पाणी लागलं की ये, म्हणून परत पाठवतेत. कारण पाणी किती खोल हाय ते कळल्याबिगर मोटर केवढी लागंल ते कळत न्हाई, आणि बोअर कोरडं गेलं तर नवी कोरी मोटर गोठ्यात पडून जाम होते. मग तोच माणूस ती खांद्यावर टाकून आमच्याच दारात. जिंतुरातले बाकीचे दुकानदार अप्पांना हसतेत. गिऱ्हाईक परत पाठवणारा वाणी त्यांनी दुसरा बघितलेला न्हाई.

हे आधी सांगितलं कारण मी आणि अप्पा मिळून विमान बांधायलोय. खरंखुरं, दोन माणसं बसतील असं. ॲल्युमिनियमचे पत्रे, नळ्या, भोकं पाडलेल्या पट्ट्या असं सगळं खोक्यांतून आलं, ट्रकवाल्यानं विचारलं काय कारखाना टाकायलेत का, आणि दुकानामागच्या जुन्या कापसाच्या गोडाऊनमध्ये आमी एकेक रिव्हेट मारून ते जोडायला लागलो. मी मेकॅनिकल करून घरी आलेली, मला तर वेड होतंच. पण अप्पा का तयार झाले ते मला आजपण नीट सांगता येत न्हाई. विचारलं तर म्हणतेत, आयुष्यभर बोअरमध्ये खाली बघत आलोय, आता जरा वर बघू.

फक्त एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवली होती. पत्रा वाकला तर दुसरा मागवू, पंख चुकला तर उकलून परत करू, पण इंजिन घेणं आपल्याच्यानं एकदाच होणार. ते वाया गेलं तर विमान संपलं. मग ते गोडाऊनमध्ये उभं राहील आणि त्याच्यावर कोंबड्या बसतील.

आता इंजिनाचं असं असतं. ते बाहेरून येतं, आणि आत गंज चढू नये म्हणून कंपनी त्याच्यात एक वेगळं तेल फिरवून बंद करून पाठवते. ते तेल काही महिने राखण करतं. त्याच्यापुढं इंजिन तसंच पडून राहिलं, त्यात आपला पावसाळा आला, तर आतून गंज धरायला लागतो आणि बाहेरून बघितलं तर चकाचक. म्हणून जाणती माणसं सांगतात की इंजिन होईल तितकं उशिरा घ्या. हे मला सगळं पाठ होतं. तरी मला ते लगेच पाहिजे होतं. इंजिनाबिगर विमान म्हणजे लोकांना पत्र्याची पेटीच दिसते. दुकानात येणारा प्रत्येक माणूस मागं डोकावून जायचा आणि विचारायचा, इंजिन कुठंय?

त्यात दसरा जवळ आला. आमच्याकडं ट्रॅक्टर म्हणू नका, मोटरसायकल म्हणू नका, यंत्र घ्यायचं तर दसऱ्याला न्हाईतर पाडव्याला. आणि नेमका पुण्याहून इंजिनवाल्याचा फोन आला की दसऱ्याआधी सांगितलं तर जुन्या भावात देतो, नंतर भाव वाढणार. मला तर दोन्हीकडून कौल मिळाल्यागत झालं. दसऱ्याला इंजिन घेणार म्हणून मी उड्या मारत मामाला फोन केला. मामा चारठाण्याला राहतेत. मामाला सांगितलं म्हणजे चारठाण्याला सांगितलं.

मग अप्पांकडं गेले. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. भाव, मुहूर्त, सगळं. आणि गिऱ्हाइकाला विचारतात त्याच आवाजात मला विचारलं, “पाणी लागलं का?”

मी म्हणलं लागलंय जवळजवळ. पंख बंद करायचे राहिलेत तेवढं, आणि पेट्रोलच्या टाक्या तपासायच्या. टाक्या पंखातच असतात, त्यांच्या सांध्यांना आतून एक डिंकासारखं लावून त्या बंद केलेल्या असतात. ते म्हणले मग आधी टाक्या बघ.

टाकी बघायची रीत लय सोपी हाय. टाकीच्या तोंडाला वाढदिवसाचा फुगा बांधायचा, आत थोडी हवा भरायची, फुगा ताठ उभा राहतो. दुसऱ्या दिवशी तसाच असला तर टाकी पक्की. सकाळी जाऊन बघितलं, उजवीकडचा फुगा ताठ होता आणि डावीकडचा मान टाकून लोंबकळायलता. मी साबणाचं पाणी करून सांध्यावरून फिरवलं तर मागच्या कडेला बारीक बारीक बुडबुडे, दुधाला उकळी येताना कडेला येतात तसे.

अप्पा लिंगपूजा उरकून कपाळावरची विभूती तशीच घेऊन आले. बुडबुडे बघितले. बोट लावून एक फोडला. ती टाकी उकलायची, जुना डिंक खरवडायचा, परत लावायचा, वाळू द्यायचा, परत फुगा. तेवढ्यात इंजिन येऊन पडलं असतं आणि त्याच्या आतल्या तेलाचे महिने कोपऱ्यात बसल्याबसल्या संपायला लागले असते. हे मला दिसायलतं, आणि मला दिसायलंय हे अप्पांना दिसायलतं. मीच पुण्याला फोन लावला आणि सांगितलं की आत्ता न्हाई. तो माणूस म्हणला ताई, भाव वाढंल. मी म्हणलं वाढू द्या.

मामाला मात्र सांगायचं राहून गेलं.

खंडेनवमीला आमच्याकडं पाने, हातोडे, चेनपुली सगळं मांडून पुजतेत. विमान पण पुसूनबिसून उभं केलं होतं. आता इंजिन नसलं की हे विमान शेपटावर बसतं, नाक वर करून. म्हणून आमी नाकाला, इंजिनाच्या जागी, सोयाबीनचा एक भरलेला कट्टा, म्हणजे पोतं, दोरीनं आवळून बांधून ठेवला होता. वजन जवळजवळ इंजिनाइतकंच. रोज बघून आमाला त्याची सवय झालेली. आणि त्या दिवशी दोन ऑटो भरून मामा, मामी आणि चारठाण्याची निम्मी गल्ली आली. पेढे घेऊन. मामाच्या हातात झेंडूचा एवढा मोठा हार, खास इंजिनाच्या मापाचा करून आणलेला.

सगळे गोलाकार उभे राहिले. कट्ट्याकडं बघायले. कुणीतरी त्याला हात लावून बघितला. मी सांगितलं सगळं, टाकी, फुगा, बुडबुडे. मामानं ऐकून घेतलं आणि मागं वळून आपल्या माणसांना म्हणले, “चला. बिनबैलाचा पोळा हाय हा.”

सगळे हसले. पण माझ्या तोंडातून आलंच, “मामा, ज्याच्याकडं बैल नसतेत तो मातीचे बैल पुजतो की. पोळा चुकवत न्हाई.”

मग मामी सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. अप्पांनी मामाच्या हातातला हार घेतला आणि त्या कट्ट्याला घातला. बराबर बसला. हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, पेढे वाटले, आणि जाताना मामानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की तो फुगा कसा बांधतेत ते एकदा दाखव. दाखवला. चारठाण्यात आता इंजिनाची न्हाई, फुग्याची गोष्ट सांगतेत. मला ती गोष्ट लय आवडते.

त्याच्यानंतर आमी नुसतं काम केलं. टाकी परत केली, यावेळी फुगा ताठ राहिला, आणखी ठेवला तरी ताठ. पंख बंद झाले. शेपूट झालं, पायाखालचे ब्रेक झाले, हातातल्या दांड्यानं पंखाची पट्टी वरखाली व्हायला लागली. आणि हुरड्याच्या दिवसांत एका दुपारी मी पाना घेऊन विमानाभोवती फिरायलते आणि मला करायला काम सापडंना. नाकावरचं झाकण बसवायचं तर आत इंजिन पाहिजे. नळ्या कापायच्या तर इंजिन पाहिजे. वायर ओढायची तर कुठवर ओढू, इंजिन पाहिजे. जिकडं हात घालावा तिकडं तेच. तेव्हा मला कळलं की वेळ आली. मुहूर्तानं न्हाई, भावानं न्हाई, पुढचं काम अडलं म्हणून.

पुण्याला फोन केला. तो म्हणला आज संध्याकाळपर्यंत सांगा, आजच मागणी जाणारै, पुढची उन्हाळ्यानंतर. म्हणजे आज चुकलं तर इंजिन ऐन पावसाळ्यात येणार. आणि भिंतीवर कॅलेंडर बघते तर अमावस्या. आमच्या घरात अमावस्येला सुई विकत आणत न्हाईत. माझ्या हातातला फोन अप्पांनी काढून घेतला. गिऱ्हाइकाला परत पाठवणारा माणूस, पण अमावस्या म्हणजे त्यांच्यापण जिवावर आलं.

तेव्हा आई बोलली. आई या सगळ्यात कधी पडली नव्हती. विमान म्हणलं की ती उठून आत जायची, तिचीच पोरगी त्याच्यात बसणार ना. ती ज्वारी निवडत होती, वर न बघता म्हणली, “बोअरला अमावस्येला पाणी लागलं तर काय माती घालून बुजवतेत का?”

अप्पांनी फोन माझ्या हातात दिला. म्हणले तूच सांग, तुझं इंजिन हाय.

इंजिन आलं तेव्हा नाकाचे बोल्ट, रबरं, चेनपुली सगळं तयार होतं. लाकडी खोकं उघडलं आणि लगेच बसवायचं, पण अप्पा म्हणले आधी आत बघू. पंपात काय अडकलंय ते बघायला आमच्या दुकानात मोबाईलला जोडायचा एक बारका कॅमेरा हाय. मी स्पार्क प्लगच्या भोकातून तो आत सोडला. मोबाईलवर आधी अंधार, मग उजेड, आणि मग सिलिंडरची आतली भिंत दिसली. आरशागत. तेलाचा एक थेंब हळूहळू खाली यायलता, गंजाचा ठिपका कुठं न्हाई. मी चारी बाजूंनी फिरवून दाखवलं. अप्पांनी लय वेळ बघितलं, चष्मा काढून परत बघितलं, आणि आईला हाक मारली.

आई हात पुसत आली. मोबाईल हातात धरून तिनं आत बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत आत बघितलं.

“चांगलंय,” ती म्हणली. “बसव आता.”