निळी गाडी, दारापुढचा ब्रेकर

आमच्या महागाव तालुक्यात जपानहून आणलेली शर्यतीची गाडी घेणारा माणूस एक तर ठेकेदार असतो, नाही तर येडा. मी ठेकेदार नाही. सोयाबीन-कापसाचा व्यापारी आहे. तेव्हा काय ते तुम्हीच समजून घ्या.

पंचेचाळिशी उलटल्यावर मला हे वेड लागलं. कोणाला भजनाचं लागतं, मला इंजिनाचं लागलं. गिऱ्हाईक दारात उभं अन् मी मोबाइलवर टर्बोचा आवाज ऐकत बसलेला. बायको ताट वाढून म्हणायची, "अजी, जेवता जेवता तरी त्या गाडीतून उतरा." मी हसायचो. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा एवढा शौक चालतो, असं मी स्वतःला समजावलं होतं.

नागपूरच्या एका विकणाऱ्याकडं अशा दोन गाड्या आल्या होत्या. दोन्ही जपानी, दोन्ही चार दरवाजांच्या. दुरून पाहिलं तर मास्तर लोक घेतात तशा साध्या, पण ॲक्सिलरेटर दाबला की पाठ सीटला चिकटलीच म्हणून समजा. एक पांढरी, कंपनीतून जशी निघाली तशीच, मागं कपडे वाळत घालता येतील असा मोठा पंख. दुसरी निळी. तिच्या पहिल्या मालकानं स्प्रिंगा कापून तिला पार जमिनीला टेकवली होती अन् सायलेन्सर असा बसवला होता की चालू केली की छातीत भडभड व्हायचं. पांढरी वळणावर जास्त शहाणी आहे, हे मला चालवल्याबरोबर कळलं होतं. तरी जीव निळीत अडकला. मी विकणाऱ्याला म्हटलं, "दोन्ही गाड्या गावात घेऊन या, तिथंच ठरवतो." अहो, नागपुरात पसंत केली असती तर पाहणार कोण?

आता आमच्या घरापुढची जागा सांगावी लागेल. माझं घर अन् माझ्या चुलत भावाचं घर समोरासमोर, मधून रस्ता. भाऊ माझ्यापेक्षा मोठा, मी त्याला दादा म्हणतो. त्याला एकच पोरगी, नऊ-दहा वर्षांची. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. बोलतही नाही, हातवाऱ्यांनी सगळं सांगते, अन् असं सांगते की बोलणारे मागं पडतील. ती दोन्ही घरांची लेक. एक पाय तिकडं, एक इकडं. सकाळी चहाला आमच्याकडं, दुपारी वहिनीनं काही केलं की वाटी घेऊन परत आमच्याकडं. यवतमाळला अशा लेकरांची राहायची शाळा आहे. गावच्या शाळेतले गुरुजी दरवर्षी सांगायचे, पाठवा. वहिनी दरवर्षी म्हणायची, "नाई गुरुजी, माह्या डोयापुढंच राहू द्या तिले."

रस्ता सिमेंटचा झाला अन् गाड्या सुसाट पळायला लागल्या, तेव्हा वहिनीची झोप उडाली. मग दादानं विहिरीच्या बांधकामातून उरलेली गिट्टी अन् सिमेंट कालवून दारापुढं स्वतःच्या हातानं ब्रेकर घातला. चांगला म्हशीच्या पाठीएवढा. ट्रकवाले शिव्या द्यायचे, पण सावकाश जायचे. त्या एका उंचवट्याच्या भरवशावर पोरगी घरी राहत होती. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. चांगलं माहीत होतं.

गाड्या आल्या त्या दिवशी सारं गाव रस्त्यावर. पांढरी आधी आली, ब्रेकरवर तिरपी चढली अन् पोट वाचवून उतरली. मग निळी आली. तिचं पुढचं चाक चढलं अन् खालून असं खर्रर्र झालं की माझ्याच बरगड्या घासल्यासारखं वाटलं. पुढंही जाईना, मागंही येईना. चार जणांनी उचलून मागं घेतली. कोणीतरी ओरडलं, "शेठ, हिले पाय लावून आना!" सगळे खदाखदा हसले. मीही हसलो, पण आतून जळलो.

बायको कानाशी येऊन म्हणाली, "पांढरी घ्या. दारात तरी येईल."

"गाडीसाठी रस्ता बदलू," मी चारचौघांत मोठ्यानं म्हटलं, "रस्त्यासाठी गाडी कोन बदलते?"

काय टाळ्या पडल्या, विचारू नका. पोरगी तोवर गर्दीतून वाट काढत आली होती. तिनं पांढरीच्या बोनटवर तळहात ठेवला, मग निळीच्या. निळीवर ठेवल्याबरोबर तिचे डोळे मोठे झाले. आवाज कसा असतो ते तिला हातातून कळत होतं. ती माझ्याकडं पाहून उड्या मारायला लागली. मी लगेच जाहीर केलं, "झालं! पोट्टीनं पसंत केली!" आधीच ठरवलेलं पाप मी लेकराच्या हातावर ठेवून मोकळा झालो. वहिनीनं ताट आणलं अन् पोरीनंच निळीला ओवाळलं.

राहिला ब्रेकर. माझ्या गोदामाच्या नालीचं काम चालू होतं, तिथं सिमेंट फोडायची मशीन होतीच. दादा अन् वहिनी कापूस वेचायला वावरात गेलते, पोरगीही त्यांच्यासंगं. मी मिस्त्रीला म्हटलं, "थोडं तासून घे रे, जरा वरून वरून." वरून वरून म्हणता म्हणता रस्ता सपाट झाला. मी थांब म्हणालो नाही. निळी त्याच्यावरून लोण्यावरून सुरी जावी तशी गेली अन् मला भारी वाटलं.

संध्याकाळी दादा आला, बैल बांधले अन् रस्त्याकडं पाहत उभा राहिला. मीच पुढं होऊन म्हटलं, "दादा, थोडंसं घासलं. गाडीचं पोट लागून राह्यलं होतं ना."

"बरं," दादा म्हणाला.

बस, एवढंच. तो भांडला असता तर मी दोन शब्द जास्त बोललो असतो अन् हिशेब बरोबरीत सुटला असता. पण तो पडलेला चुरा पायानं कडेला सारत राहिला. रात्री बायको म्हणाली, "तुमाले लाज नाई वाटली?" मी कूस बदलली. खरं सांगतो, तेव्हा नव्हती वाटली. तेव्हा मला वाटत होतं की माझ्या गाडीचा आवाज एवढा आहे की गावाच्या वेशीपासून माणसं बाजूला होतात, मग ब्रेकर हवा कशाला.

अन् व्हायचंही तसंच. भडभड ऐकू आली की पारावरची माणसं उठून पाहायची, कोंबड्या पळायच्या, म्हातारे शेरडं ओढून घ्यायचे. मला त्याची चटक लागली. बाजारातून येताना वेशीपाशी मी उगाच गिअर उतरवायचो.

दिवाळी तोंडावर आलेली. सोयाबीनला भाव बरा लागलेला, मी महागावहून खुशीत येत होतो. दुपारची वेळ. वेशीवर सवयीनं आवाज केला, वळणावरून आत घुसलो अन् समोर रस्त्याच्या मधोमध पोरगी. मान खाली. हातात ताकाचा तांब्या, सांडू नये म्हणून एक एक पाऊल जपून टाकत आमच्याच घराकडं चाललेली. सगळा रस्ता बाजूला झाला होता, तीच तेवढी झाली नव्हती.

ब्रेक कसे दाबले मला आठवत नाही. गाडी आडवी झाली, टायरांचा वास आला, अन् थांबली तेव्हा तिचा फ्रॉक बंपरला लागलेला होता. झुळूक लागावी तेवढंच काय ते तिला कळलं असेल. ती दचकली अन् तांब्या पडला.

मी दार उघडून उतरलो. अन् तोंडातून काय निघावं? रस्त्यात आडव्या येणाऱ्या प्रत्येकाला मी जे बोलत आलो तेच निघालं, तेही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"बहिरी हायेस काय वं!"

पोरीनं वळून पाहिलं. तिला माझं उघडं तोंड अन् उचललेला हात दिसला. मी तिला हसवायला नेहमी असंच तोंड वेंगाडायचो, तिला वाटलं आताही तेच. ती हसली. सांडलेलं ताक दाखवून माझ्याकडंच बोट केलं, म्हणजे तू सांडलंस.

दादा ओट्यावर बाज विणत बसला होता. त्यानं ऐकलं होतं. तो उठला, माझ्याकडं न पाहता आला, पोरीचा हात धरला अन् तिला आत घेऊन गेला. मी तिथंच उभा. मेलो असतो तर बरं, असं लोक उगाच म्हणतात असं मला वाटायचं. त्या दिवशी कळलं, उगाच म्हणत नाहीत.

बायको म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जा, पाय धरा दादाचे." मी गेलो नाही. उद्या जातो म्हणालो. उद्या दिवाळी आली, मग बाजार, मग गावाबाहेर दोन कामं मुद्दाम काढली. निळी मी गोदामात नेऊन उभी केली अन् मोटरसायकल हातात धरली, तीही समोरच्या घराकडं न पाहता. पोरगी आमच्याकडं येईना. मला वाटलं, दादानं बंद केलं असेल, बरोबरच आहे. माफी मागायला तोंड होत नव्हतं, म्हणून मी हातानं काही करायचं ठरवलं. सिमेंट आणलं, गिट्टी आणली अन् एका सकाळी मिस्त्रीला घेऊन दादाच्या दारापुढं माल कालवायला लावला.

आवाज ऐकून दादा बाहेर आला. उन्हात डोळे बारीक करून पाहत राहिला.

"दादा, होता तसाच घालून देतो," मी म्हटलं. "त्याच्याहून मोठा घालतो."

"आता कायले, बाबू?" दादा म्हणाला. रागानं नाही, थकलेल्या माणसासारखा. "पोट्टीले यवतमाळच्या शाळेत ठेवून आलो परवा."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "अन् वहिनी?"

"तिनंच म्हटलं, घेऊन जा. चार वर्सं धरून ठेवलं तिनं, आता तिच्यानं दारात बसवत नाई."

आतून वहिनीच्या भांड्यांचा आवाज येत होता. ती बाहेर आली नाही. मी विचारलं, "पोट्टी रडली का रे?"

"कायची रडते. तिले ठावंच नाई कुठं चाललो ते. तिथंच राहाचं, हे हातानं कसं सांगतात? आमाले येतच नाई ते." दादानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "सकायी नवा फ्रॉक घातला तिच्या मायनं, तर तिले वाटलं काकाच्या गाडीत फिरायले चाललो. एसटीत चढेच ना. तुह्या दाराकडं बोट दाखवे, अन् वाट पाहे."

तो आत गेला अन् दार लोटून घेतलं. मिस्त्री फावडं टेकून उभा होता. "मालक, किती उंच घेऊ?" त्यानं विचारलं. दोनदा विचारलं.