तारीख गेलेलं पाकीट आणि मन्मथआप्पा

उदगीरचे छायाचित्रकार मन्मथआप्पा हलकुडे यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या फोटोंवर या गौरवग्रंथात जाणती मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या पाकिटांवर लिहितो. तिथं माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती अजून निस्तरलेली नाही.

पहिली ओळख फोटोमुळेच झाली. भोकरहून लातूरला नोकरीचा अर्ज द्यायला निघालो आणि किल्ला पाहायचा म्हणून उदगीरलाच उतरलो. अर्जाला फोटो लागतो, हे तिथं आठवलं. आप्पांनी स्टुलावर बसवलं. "मान वर करा. एवढी न्हाई, उंटावानी!" फोटो निघाला, पण अर्ज राहिला तो राहिलाच, कारण मागच्या खोलीतल्या चार ट्रंका मला दिसल्या.

जुने फोटोवाले निगेटिव्हसाठी वेगळं पाकीट आणत नसत. फिल्म, कागद, केमिकल विकणाऱ्या कंपन्यांची पत्रं ज्या पाकिटांतून येत, त्यांतच निगेटिव्ह घालून मागं गिऱ्हाइकाचं नाव लिहीत. आप्पांनी आपली आणि आजूबाजूच्या बंद पडलेल्या स्टुडिओंची अशी पाकिटं त्या ट्रंकांत जपली आहेत. कोपऱ्यात कॅमेऱ्याचं चित्र, खाली मालाचं नाव, वर पोस्टाचा शिक्का. कोणता माल आपल्या भागात कधी पोचला, ते आप्पा त्यावरून सांगतात. "पत्रं लोकांनी फेकली, पाकिटं राहिली. आता हीच साक्षीदार," असं ते म्हणतात.

एकदा कंधारहून एक बाई वडिलांचा फोटो शोधत आल्या. घरात एकही नव्हता. आप्पांनी दोन दिवस ट्रंका उपसल्या, नाव सापडलं. फोटो करून दिला, निगेटिव्हही देऊन टाकली. "पाकीट तेवढं माझ्यापाशी राहू द्या, अक्का," एवढंच म्हणाले.

आता माझ्या चुकीकडे येतो. उस्मानाबादेतून फुटून नवा लातूर जिल्हा झाला, त्याला फार दिवस झाले नव्हते आणि दुष्काळ पडला. फोटो तेव्हा तासभर वाहत्या पाण्यात धुवावा लागे. आप्पा ट्रे घेऊन विहिरी शोधत फिरत. अशात मुंबईच्या एका व्यापाऱ्याचं पाकीट आलं. त्यावर छापलं होतं, 'थोड्या पाण्यात धुतला जाणारा नवा कागद'. मोठ्या शहरांतले फोटोवाले त्या कागदाला नाकं मुरडत होते, तेव्हा आपल्याकडं तो पाण्यावाचून अडलं म्हणून आला, असं आप्पांचं म्हणणं. त्याला पुरावा एकच, त्या पाकिटावरचा शिक्का. त्यातलं साल वहीत उतरवायचं राहून गेलं होतं आणि नुसत्या आठवणीला आप्पा पुरावा मानत नाहीत.

गेल्या दुष्काळात आप्पा डोळे दाखवायला लातूरला गेले होते. परत येतील तेव्हा त्यांना पाकिटांवरच्या जुन्या तिकिटांचा अल्बम भेट द्यावा, असं माझ्या मनात आलं. तिकीट भिजवून काढतात, एवढं ऐकून होतो. हाती आलं ते पहिलं पाकीट बादलीत टाकलं. ते नेमकं तेच निघालं.

आप्पांच्या पत्नी शरणाकाकू ओरडल्या, "काय करायलास रे? टँकरचं पाणी हाय ते! डाळ काय तुझ्या तिकिटात शिजवू?"

तिकीट सुटलं. शिक्क्याची शाई उतरली. दिवस-महिना राहिला, साल गेलं.

आप्पा आले. भिंग लावून बराच वेळ पाहत राहिले. शेवटी मीच म्हणालो, "आप्पा, पत्त्यात जिल्हा उस्मानाबादच हाय. नवा जिल्हा व्हायच्या आधीचं म्हणून सांगू. कागद आपल्याकडं लवकर आला, हे तुमचं म्हणणं आणखी पक्कं होतंय."

"मुंबईवाला कैक दिवस जुनाच जिल्हा लिहीत व्हता. मला ठाऊक असून खोटं सांगू? ह्यो कागद लई उशिरा आला असं निघालं तरी चालंल, पण खरं निघू दे."

त्यांनी वहीत पेन्सिलीनं लिहिलं, 'साल गेलं. शोध चालू.' मग म्हणाले, "व्यापाऱ्यानं एकालाच थोडंच धाडलं असंल? दुसऱ्या कुणाकडं असंल. फिरायचा नाद हायच तुला. फीर."

तेव्हापासून फिरतो आहे. कंधार झालं, भोकर झालं. बंद स्टुडिओंची घरं विकली जात आहेत, ट्रंका भंगारात चालल्या आहेत. प्रत्येक दारात उशीर झाला की काय, असंच वाटतं. इकडं आप्पांचं भिंग वर्षागणिक जाड होतं आहे. मी वाटेत कुठंही रमतो, हे ते जाणतात. तरी मी गेलो की पहिलं विचारतात, "जेवलास का?" पाकिटाचं नंतर.

आप्पा, आपल्याला निरोगी शंभर वर्षं लाभोत, ही सगळ्यांची इच्छा आहेच. माझी त्यात एक भर. आपले डोळे शाबूत राहोत. ते पाकीट मी आणीन, तेव्हा त्यावरचं साल आपणच वाचायचं आहे. वहीतली ती पेन्सिलीची ओळ आपल्याच हातानं खोडायची आहे.