ओमतालपर्यंत काठीशिवाय

…तर त्या बीटवाल्या शेतकऱ्यानं तिसऱ्यांदा खुंटी उपटली, इथवर आपण काल आलो होतो आणि सूनबाईनं जेवायला हाक मारली. आता पुढचं ऐका.

शेतकरी होता जर्मनीचा आणि खुंटी ठोकणारा होता मिरजेचा. मिरजेचा म्हणजे आमचे सुमंतराव. इथं अमेरिकेत, कॅरी गावात माझ्या मुलाच्या घरासमोर राहतात ते. आज शहात्तर वर्षांचे आहेत, तेव्हा सत्तावीसचे होते. सिव्हिलचा डिप्लोमा करून कुणाच्या तरी ओळखीनं जर्मनीत कासेल गावी गेले आणि जमीन मोजणाऱ्या एका कंपनीत लागले. कासेलपासून खाली दक्षिणेकडे एक मोठा रस्ता काढायचा घाट होता. ऑटोबान म्हणतात त्याला तिकडे. नंबर एकोणपन्नास. त्याच्या रेषेवर खुंट्या मारत जायचं, हे सुमंतरावांचं काम. आणि आपल्या बीटाच्या शेतातून रस्ता जाणार म्हणून तो शेतकरी रोज सकाळी त्यांची खुंटी उपटून बांधावर ठेवायचा. शिवी नाही, भांडण नाही. नुसती खुंटी उपटायची आणि ट्रॅक्टरवर बसून बघत राहायचं.

चौथ्या दिवशी सुमंतरावांनी काय केलं? आईनं पेटीत घातलेली कुंकवाची पुडी खिशात टाकून आणली. खुंटीला बोट लावलं, जमिनीला हात जोडले आणि मगच हातोडा उचलला. आपल्याकडे पाया खणताना करतात तसंच. तो शेतकरी ट्रॅक्टरवरून खाली उतरला.

"हे काय करतोस?"

"जमिनीची माफी मागतोय. तिला टोचणार आहे ना."

"कुणी शिकवलं?"

"आईनं."

मग शेतकऱ्यानं त्यांना घरी नेऊन कॉफी पाजली आणि म्हणाला, "पोरा, तुझी खुंटी आता उपटत नाही. पण लिहून ठेव, हा रस्ता शेवटी ओमतालला पोचेल तेव्हा तू काठी टेकत येशील."

सुमंतरावांना ते लागलं. ते म्हणाले, "येईन तर काठीशिवाय." शेतकरी इतका हसला म्हणे, की त्याची कॉफी सांडली.

आता इथं एक सांगायला हवं. ओमताल हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी सातवी शिकलेला माणूस, पण गावच्या भजनात पन्नास वर्षं टाळ धरलाय. जर्मनीसारख्या देशात ओम आणि ताल! मी लगेच गावी भजनी मंडळाला फोन लावला. तिकडून विचारणा झाली, "आबा, मात्रा किती?" मी सुमंतरावांना विचारलं. त्यांनी क्षणभर आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आठ." झालं. मी गावी कळवून टाकलं.

तर सुमंतराव अठ्ठ्याहत्तर साली अमेरिकेत आले. सुमेधावहिनी इथं डॉक्टर होत्या, त्यांच्याशी लग्न ठरलं. "बायको डॉक्टर आणि मी तिच्या व्हिसावरचा नवरा," असं ते स्वतःच सांगतात. पुढं निवृत्तीपर्यंत त्यांनी इथल्या रस्त्यांचे नकाशे काढले. आपण ज्या रस्त्यानं सकाळी दूध आणायला जातो, तोही त्यांच्या कागदावरून गेलेला. त्याबद्दल विचारा, "हो, केला," एवढंच म्हणतील. पण त्या एकोणपन्नास नंबरचं नाव काढा, की चहा गार होईपर्यंत सुटका नाही!

रस्ता कासेलजवळ सत्तरच्या दशकात सुरू झाला. मग फ्रिट्झलार. मग बोर्केन, तिथं कोळशाची खाण होती आणि आता तळं आहे. चौऱ्याण्णव सालापर्यंत नॉयनताल आलं. (बघा, पुन्हा ताल!) आणि तिथं गाडं थांबलं. चार पदरी रस्ता असा शेतापाशी येऊन संपायचा. पुढं जंगल. जंगलात पाण्यात राहणारा वीतभर सरड्यासारखा एक प्राणी, त्याची घरं मोडतील म्हणून कोर्टकचेरी. सातबाऱ्यावर भाऊबंद हरकत घेतात तशी त्या सरड्याच्या नावानं हरकत! नंतर तर पोरंपोरी झाडांवर घरं बांधून राहिली, झाडं तोडू नका म्हणून. सुमंतरावांना मी विचारलं, "तुम्ही कुणाच्या बाजूचे?" तर म्हणाले, "मी रस्त्याच्या बाजूचा. पण त्या पोरांनीही जमिनीला हात जोडले होते, त्यांना वाईट कसं म्हणू?"

आता खरी गंमत ऐका. आपल्या घरांमागं तळं आहे, त्याच्याभोवती पायवाट आहे आणि पायवाटेवर सहा बाकं. सुमंतराव अठ्ठ्याण्णव साली इथं राहायला आले आणि त्यांनी त्या बाकांना नावं देऊन टाकली. पहिलं कासेल, दुसरं फ्रिट्झलार, तिसरं बोर्केन, चौथं नॉयनताल. रोज सकाळी फिरायला निघायचं आणि चौथ्या बाकाशी आलं की मागं वळायचं. का? तर पुढं रस्ता बांधलेला नाही!

वहिनी म्हणतात, "मी चोवीस वर्षं तळ्याला एकटी फेरी मारली, भावोजी. हे नॉयनतालला माघारी फिरायचे आणि मी पुढं जायचे. लोकांना वाटायचं, आमचं रोज भांडण होतं."

बावीस साली पुढचा तुकडा उघडला, श्वाल्मश्टाट नावाच्या गावापर्यंत. त्या दिवशी सुमंतराव पाचव्या बाकापर्यंत गेले आणि त्यांनी तिथं पेढे वाटले. कुत्रं फिरवायला आलेल्या एका गोऱ्या बाईला कळेना, कशाचे पेढे. तिनं दोन घेतले मात्र.

मी नोव्हेंबरात आलो तेव्हा रस्ता असा पाचव्या बाकावर अडलेला होता. सहावं बाक पलीकडच्या काठाला आहे. तिथं आपली पायवाट दुसऱ्या मोठ्या वाटेला मिळते, तिठा आहे. जर्मनीतही नेमकं तसंच आहे. ओमतालला एकोणपन्नास नंबर दुसऱ्या ऑटोबानला मिळतो. तेही त्याला तिठाच म्हणतात, त्यांच्या भाषेत. मी म्हणालो, "सुमंतराव, जाऊन तरी बघू. कोण बघतंय?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा विषय काढला नाही.

जानेवारीत त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नवा गुडघा आला आणि हातात काठी आली. आणि फेब्रुवारीत बातमी आली, की मार्चच्या अखेरीस रस्ता ओमतालपर्यंत उघडणार. एकोणपन्नास वर्षांनी एकोणपन्नास नंबर!

"उघडेल त्या दिवशी मी सहाव्या बाकाला जाणार," सुमंतराव म्हणाले. "काठीशिवाय."

वहिनी पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं. "काठी घेऊन जा. कोण नको म्हणतंय?"

"काठी घेऊन गेलो तर तो शेतकरी जिंकला."

"अहो, तो केव्हाच वर गेला असेल!"

"मग वरून बघेल."

"पडलात तर दुसराही गुडघा मलाच निस्तरायचाय. तुम्ही लंगडता. ऑपरेशनचा पाय टेकला न टेकला की दुसरा उचलता. एक पाऊल लांब, एक आखूड. मला दोन्ही पावलं सारखी पडलेली दिसू देत, मग काठी माझ्याकडे द्या. तोवर बोर्केनच्या पुढं जायचं नाही."

डॉक्टर बाईचा शब्द. मग आम्ही दोघं बोर्केनच्या बाकावर जाऊन बसलो. समोर पलीकडच्या काठाला सहावं बाक दिसत होतं आणि त्याच्यापुढं कॅनडाची ती मोठी भुरी बदकं मान वर करून उभी, जकात नाक्यावर शिपाई उभे असतात तशी. मी एप्रिलअखेर गावी परतणार होतो. सुमंतराव म्हणाले, "गुरुनाथराव, तुमच्यादेखत व्हायला हवं होतं." मला वाईट वाटलं.

मला करायला दुसरं काही नव्हतं म्हणून दुसऱ्या दिवशी मी बॅगेतून टाळ काढले. मनात म्हटलं, ओमताल गाठता येत नाही तर निदान त्याचा ताल तरी धरू. चालता चालता आठ मात्रा वाजवायला लागलो. पहिली मात्रा जोरात, बाकीच्या हळू. सुमंतरावांचा उजवा पाय नेमका पहिल्या मात्रेवर पडला. मग दुसरा दुसरीवर. टाळ काही कुणासाठी घाईनं वाजत नाही, त्यामुळं डाव्या पायाला घाई करता येईना. तो आपल्या वेळेलाच उचलला जायचा. फ्रिट्झलार येईपर्यंत मला काही कळलं नाही. बोर्केनला मी मागं वळून बघितलं तर सुमंतराव काठी काखेत मारून येत होते!

मग काय, रोजचा परिपाठ झाला. सकाळी आठ मात्रा, संध्याकाळी आठ मात्रा. शेजारची पोरं खिडकीतून बघायची. माझी नात इशिता म्हणाली, "आजोबा, धिस इज सो एम्बॅरसिंग." मी म्हटलं, "बाळा, रस्ता बांधायचं काम चाललंय. आवाज व्हायचाच."

रस्ता उघडायच्या आदल्या दिवशी परीक्षा झाली, वहिनींच्या किचनमध्ये. ओट्यापासून गॅरेजच्या दारापर्यंत आणि परत. मी फ्रीजला टेकून टाळ वाजवतोय आणि सुमंतराव शाळेच्या कवायतीत चालावं तसे चालतायत. वहिनींनी चष्मा वर केला, खाली केला. खाली वाकून पावलं बघितली.

"हे टाळाचं कुणी सुचवलं?"

"सुचवायचं काय त्यात," मी म्हणालो. "ओमताल आहे हा. आठ मात्रांचा. त्या गावाचाच आहे."

सुमंतरावांना एकदम खोकला आला.

वहिनी त्यांच्याकडे वळल्या. "अहो! तुम्ही यांना सांगितलं नाहीत?"

"काय सांगितलं नाही?" मी विचारलं.

"भावोजी, ओम ही तिथली नदी आहे. आणि जर्मनमध्ये ताल म्हणजे खोरं. कृष्णेचं खोरं म्हणतो ना आपण, तसं ओमचं खोरं."

मी टाळ खाली ठेवले. चार महिने! गावी भजनी मंडळात त्या तालावर एक अभंग बसवून झाला होता, त्याचं रेकॉर्डिंग मला आलं होतं! "सुमंतराव, मग त्या आठ मात्रा?"

"तुम्ही इतके आनंदात होता," ते कान धरून म्हणाले, "की मला शून्य म्हणवेना."

वहिनींना हसू आवरेना. हसता हसता त्या खुर्चीत बसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "खोरं असू दे नाही तर ताल असू दे. पावलं सारखी पडतायत. उद्या जा. पण मी बरोबर येणार, आणि काठी माझ्या हातात राहणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. पाइनच्या झाडांचा पिवळा परागधुरळा सगळीकडे पडला होता. गाड्यांवर, बाकांवर, पायवाटेवर, जेजुरीला भंडारा उधळावा तसा. आमची पावलं त्यात उमटत होती, आणि वहिनी मागून येत ती तपासत होत्या. कासेल. फ्रिट्झलार. बोर्केन. नॉयनतालला सुमंतराव थोडं थांबले, पाणी प्यायले. श्वाल्मश्टाटला त्यांनी फोन बाहेर काढला. तिकडे दुपार होती आणि नव्या रस्त्यावरून पहिल्या गाड्या जात असलेल्या दिसत होत्या. फोन खिशात टाकला, शर्टाच्या बाह्या नीट केल्या आणि मला म्हणाले, "हं, धरा."

मी टाळ धरले. खोरं असलं तरी आठच मात्रा धरल्या.

पाचव्या बाकाच्या पुढं ते पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. वळण आलं, लाकडी पूल आला. पुलावर उजवा पाय जरा अडखळला, वहिनींनी काठी पुढं केली. त्यांनी ती हातानं बाजूला सारली आणि पुढच्या समेची वाट बघत उभे राहिले. सम आली, पाय पडला, आणि आम्ही पूल पार केला. तिठ्याशी ती भुरी बदकं पंख पसरून, फुत्कारत अंगावर आली. वहिनी पदर खोचावा तशी ओढणी खोचून पुढं झाल्या आणि काठी आपटून त्यांनी रस्ता मोकळा केला. सुमंतराव सहाव्या बाकापाशी गेले. बसले नाहीत. वाकून जमिनीला हात लावला, पिवळी बोटं कपाळाला टेकवली आणि मग बसले.

वहिनी शेजारी बसल्या. समोर तळ्यापलीकडं आपली घरं दिसत होती. "इथून आपलं घर छान दिसतं," त्या म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं सांगत होते तुम्हाला."

मला राहवेना. मी विचारलं, "सुमंतराव, तो शेतकरी आत्ता समोर आला, तर काय म्हणाल?"

त्यांनी नव्या गुडघ्यावरचा पिवळा धुरळा झटकला, एकदा वहिनींकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणेन, बाबा रे, निम्मं तुझं खरं झालं, म्हातारा झालोय. पण काठी बघ बायकोच्या हातात आहे, आणि ती टेकायला नाही, बदकं हाकायला आणलीय."