दोन दगडांची खूण

सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. लोदा गावाच्या नळावर फिलबर्ट एस्प्री पाण्याच्या बाटल्या भरत होता. चार पाहुण्यांना डोंगरापलीकडचे उकळते तळे दाखवायचे होते. जाऊन-येऊन सात तास. सवयीने त्याने सोबतीच्या टँटी ऑझेलियाचीही बाटली भरली आणि ती आज येणार नाही हे लक्षात आल्यावर ओतून दिली.

तळ्याच्या अलीकडे उजाड दरी लागते. तिथे जमिनीचे कवच पातळ झाले की वाटाडे त्यावर दगडावर दगड ठेवतात. पाटी नाही, दोरी नाही. दोन दगड दिसले की वळसा घ्यायचा. ते हलवायचे मात्र नाहीत.

मंगळवारी फिलबर्टने ते हलवले. एका वयस्क पाहुणीला गरम ओढा ओलांडवेना, म्हणून त्याने ते दगड ओढ्यात टाकून पायरी केली. परतताना जागेवर ठेवू, असे ठरवले होते. पण धुके उतरले, पाहुण्यांना तोंडाला राखाडी चिखल फासून फोटो हवे होते, आणि ते राहून गेले. बुधवारी टँटी ऑझेलियाचा पाय तिथेच घोट्यापर्यंत खालच्या उकळत्या चिखलात गेला.

टँटी अख्ख्या गावाची मावशी. एकतीस वर्षे ती या वाटेवर होती. पाऊल कुठे टाकायचे हे फिलबर्टला तिनेच शिकवले होते. पाय भाजल्याचे तिला फारसे काही वाटत नव्हते. दगड दिसले नाहीत म्हणजे डोळे गेले, असे ती आल्यागेल्याला सांगत होती. आज शुक्रवार, भाचीच्या हाती ती वाटाड्याचे ओळखपत्र परत पाठवणार होती. दोन दिवस फिलबर्ट केळी, मासे देऊन तिच्या दारातूनच परतला होता.

आज तो आत गेला. टँटी खाटेवर कोकोचा चहा पीत होती. ओळखपत्र उशाशी.

"आज काय, झाडच उपटून आणलंस?"

"टँटी, तुझे डोळे चांगले आहेत. दगड नव्हतेच तिथं. मी उचलले होते."

तिने कप खाली ठेवला. कशासाठी, असे विचारले. त्याने सगळे सांगितले.

"म्हणजे मी इथं आंधळी झाले म्हणून रडतेय, आणि तू मला केळी चारतोयस?"

फिलबर्टची नजर तिच्या पायाच्या पट्टीवरून हलेना. रात्री जुळवलेली माफीची वाक्ये आता फार लहान वाटत होती.

"ठेवलेस परत?"

"काल सकाळी. दोन."

"दोन कसे पुरतील, गाढवा? माझ्या पायानं खड्डा पडलाय तिथं."

मग तिने फर्मावले. तिचा पाय जमिनीला टेकेपर्यंत त्याने रोज सगळ्यांच्या आधी एकट्याने जायचे आणि एकेक खूण तपासायची. का, ते ती बाकीच्या वाटाड्यांना आजच सांगणार. त्याला याचीच धास्ती होती. तो हो म्हणाला. टँटीने ओळखपत्र उशीखाली सारले.

वाटाड्यांच्या फळ्यावर उद्याच्या यादीत पहिले नाव फिलबर्टचे आहे. निघण्याची वेळ पाच वाजून दहा मिनिटे, पाहुणे शून्य.