मावससासूबाईंचं संशोधन

उज्जैन शहरात कुणाच्याही घरी काहीही पेटलं, मग तो गॅस असो, होम असो नाहीतर साधी उदबत्ती असो, तर ते आधी आमच्या मावससासूबाईंना कळतं आणि मग अग्निदेवाला! एका मोठ्या इस्पितळाच्या जळीत वॉर्डात सारी हयात नर्स म्हणून काढलेल्या या बाई. कुणाच्या घरी गेल्या की देव्हारा बघत नाहीत, सोफा बघत नाहीत, नव्या सुनेचं तोंडसुद्धा बघत नाहीत. आधी नळ बघतात. "पाणी आहे ना नळाला?" हाच त्यांचा नमस्कार. असेल तर मग बसतात, चहा घेतात, सुनेचं कौतुक करतात. नसेल तर यजमानांना उठवून बादली भरायला लावतात आणि मगच टेकतात. सगळे त्यांना मावशी म्हणतात, मीही तेच म्हणते, कारण 'मावससासूबाई' म्हणेपर्यंत त्या पुढच्या खोलीत पोचलेल्या असतात.

माझ्या नणंदेच्या लग्नातली गोष्ट सांगते. देवास गेटजवळच्या एका धर्मशाळेत लग्न होतं. आत अंतरपाट धरलेला, मागच्या अंगणात जिलब्या चाललेल्या. एवढ्यात हलवायाच्या मनगटावर कढईतलं तेल उडालं. तो ओरडला, कुणीतरी टूथपेस्टची ट्यूब घेऊन धावलं, आणि अंगभर शालू नेसलेल्या आमच्या मावशी कुठून तरी अशा काही प्रकटल्या, की ट्यूबवाला ट्यूब टाकूनच पळाला. "हट! दाँत में लगा उसको!" म्हणत त्यांनी हलवायाचं मनगट धरलं आणि नळाखाली घातलं. "बीस मिनट. हिलना मत, भैया." आत मंगलाष्टकं सुरू झाली. सासरे धावत आले, "अगं, तू मुलीची मावशी ना? अक्षता तरी टाकायला चल!" मावशी घड्याळावरची नजर न काढता म्हणाल्या, "इथं बाराच मिनिटं झालीत. अक्षता इकडेच दे." आणि त्यांनी तिथूनच, दाराच्या दिशेने, जोर लावून अक्षता फेकल्या. निम्म्या हलवायाच्या डोक्यावर पडल्या. त्या दिवशी लग्न नक्की कुणाचं लागलं यावरून आमच्याकडे अजून वाद होतो. पण त्या माणसाच्या हातावर आज डागसुद्धा नाही, हे मात्र खरं.

टूथपेस्टशी मावशींचं सात जन्मांचं वैर. नानाखेड्यातल्या त्यांच्या घरात ती फक्त न्हाणीघरात असते, तीही उंच फळीवर, एखाद्या द्वाड पोरासारखी डोळ्यासमोर ठेवलेली. वॉर्डात त्यांनी म्हणे एवढे पांढरे हात पाहिले, की नंतर नंतर पेशंट दारातून आत येताच वासावरून कंपनी ओळखायच्या. आणि हे सगळं त्या लिहून ठेवायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं, तरी घरी आल्यावर वहीत लिहायच्या. कशाने भाजलं, किती वेळाने आले, येताना काय लावून आले, इथे काय केलं, पुढे हाताचं काय झालं. नावं नाहीत, फक्त एवढंच. हळद, शाई, बेसन, चुना, बटाट्याचा कीस. एका ओळीत तर लिहिलंय, 'शेजारणीने दिलेलं काहीतरी, वास डिंकाचा'. मी ते वाचून पोट धरून हसले. मावशी नाही हसल्या.

वह्यांचा निम्मा भाग भैरूगडचा. आमच्याकडे भैरूगडला बाटिकचं काम चालतं. वितळलेल्या मेणाने कापडावर नक्षी काढायची आणि मग कापड रंगात बुडवायचं. ते मेण कढत असतं, आणि एकदा हातावर पडलं की कातडीला धरून बसतं. बघणाऱ्याला वाटतं, आधी हे ओढून काढावं. तिथेच घात होतो. मेणाबरोबर कातडीही येते. आधी पाणी, भरपूर वाहतं पाणी. मेण मग डॉक्टर सावकाश, मऊ करून काढतील. ही दोन वाक्यं मावशी इतक्यांदा बोलल्यात, की आमचा पोपट असता तर त्यानेही म्हटली असती.

निवृत्तीनंतर त्यांच्या वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरांनी त्या वह्या पाहिल्या आणि म्हणाले, "सिस्टर, यह तो पूरा पेपर है! जर्नल में भेजते हैं." झालं! मावशींच्या अंगात वारं शिरलं. मेणाने भाजलेल्यांवर शोधनिबंध! डॉक्टरांनी तक्ते करायचे, मावशींनी वह्या वाचायच्या आणि इंग्रजी लिहायचं कुणी? शाळेत इंग्रजी शिकवणारी मी आयती सापडले. मी साताऱ्याची. लग्न होऊन इथे आले तेव्हा "मी तुला फोन लावली होती, तू उचललीच नाही" असलं मराठी ऐकून मला घाम फुटायचा. तीच मी रोज शाळा सुटली की मावशींच्या डायनिंग टेबलाशी लॅपटॉप उघडून बसायला लागले, आणि खरं सांगते, इतकी मजा मला बी.एड. करतानाही आली नव्हती.

कारण मावशी निबंध लिहीत नव्हत्याच, त्या ड्रेसिंग करत होत्या. माझं प्रत्येक वाक्य चिमट्याने उचलून बघायच्या. "हे 'एक्स्ट्रीमली' मेलेलं आहे. काप." मी कापलं. "हे 'अनफॉर्च्युनेटली' पण काढ. दुर्दैव पेशंटला माहीत आहे, त्याला काय सांगते?" सारांशाला शब्दांची मर्यादा होती, मी रडकुंडीला आले, तर म्हणाल्या, "घाबरू नको. मेलेली कातडी काढायची, जित्तीला हात नाही लावायचा. खाली आपोआप गुलाबी दिसतं." आणि दिसलं की हो! माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकं स्वच्छ इंग्रजी लिहिलं नव्हतं. मग आला जर्नलचा फॉर्म. त्यात प्रश्न होता, लेखकांचा काही 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट' आहे का. मावशी तात्काळ म्हणाल्या, "आहे. टूथपेस्टशी." मी समजावलं, की अहो, तसा नव्हे, कुणाचा फायदा-बियदा होतोय का असं विचारतायत. "फायदा नसेल, वैर आहे ना! लिही तू." मी 'नाही' असं लिहिलं. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पण खरा गोंधळ घातला एका शब्दाने. मावशी येईल-जाईल त्याला अभिमानाने सांगायच्या, "माझं संशोधन चालू आहे." समोरच्या आंटींनी गॅलरीतून विचारलं, तेव्हा त्यांनाही ऐटीत म्हणाल्या, "संशोधन कर रही हूँ!" आता हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, हे त्या उत्साहात कुणाच्या ध्यानात राहतंय? आंटी हळहळल्या. "हाय राम, आधार में नाम गलत छप गया क्या?" आठवडाभरात अख्ख्या कॉलनीला खबर, की सिस्टरच्या आधार कार्डात काहीतरी भयंकर चूक आहे आणि बिचारी रोज सुनेला घेऊन कागद भरते. कुणी म्हणालं, जन्मदाखला जोडा. कुणी म्हणालं, नाव जाऊ द्या, पत्ता तरी बरोबर आहे ना? मी प्रत्येकाला थांबवून सांगायची, "नहीं नहीं, मराठी में संशोधन मतलब रिसर्च!" लोक मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी विचारायचे, "हो गया संशोधन?" माझ्यातली मास्तरीण कपाळ बडवून घ्यायची.

एकदा मी विचारलं, "मावशी, एवढा जिवाचा आटापिटा कशाला? तुमचं सगळं झालं, आरामात बसा की." त्या म्हणाल्या, "नवे डॉक्टर नर्सचं ऐकत नाहीत गं, छापलेलं ऐकतात. मेण ओढू नका, हे एकदा छापून आलं ना, की मी सुटले." सुटले हा शब्द मला जरा खटकला. पण मी साताऱ्याची. वाटलं, इथलंच काहीतरी बोलणं असेल.

निबंध गेला. आम्ही रोज मेल उघडून बघत होतो. निकालाची वाट पाहणारी मुलं बरी, इतक्या आम्ही उतावळ्या! आणि एका रविवारी सकाळी, पोह्यांवर शेव भुरभुरत असताना, डॉक्टरांचा फोन आला. "सिस्टर, बधाई! रिजेक्ट नहीं किया! बस, थोड़ा संशोधन माँगा है." मावशींचा चमचा हातातच राहिला. "संशोधन मागितलंय? मग आजवर मी काय पापड लाटत होते?" मी हसून हसून पोह्यात पडायची बाकी होते. शेवटी समजावलं, की अहो, हे हिंदीतलं संशोधन, दुरुस्त्या हव्यात. दुरुस्त्या तशा किरकोळच होत्या. फक्त एक प्रश्न होता. तक्त्यातला पहिला पेशंट, भैरूगडची तरुण मुलगी, उजवा हात, दोन बोटं कायमची आखडली. तिचं मेण इस्पितळात आल्यावर कोणी आणि कसं काढलं? तो रकाना रिकामा होता. शिवाय तिच्या हाताचा फोटो छापायचा तर तिची लेखी संमती हवी होती.

मावशींनी पोह्यांची बशी दूर सारली. फोनवर डॉक्टर म्हणत होते, "इतना ही लिख देते हैं कि मोम हटाया गया. किसने हटाया, कौन देखता है?" मी मान डोलावली. इंग्रजीत कर्मणी प्रयोग असल्या वेळेलाच तर कामाला येतो. मावशी एवढंच म्हणाल्या, "बघू. आधी भैरूगडला जाऊ."

एरवी स्कूटीवर मागे बसून "जल्दी चल, जल्दी चल" म्हणत माझा जीव खाणाऱ्या मावशी त्या दिवशी म्हणाल्या, "हळू चालव." वही मांडीवर घट्ट धरलेली. वहीत त्या मुलीचं नाव नव्हतं, पण मावशींना ते पाठ होतं, शमीमबी. त्यांचा कारखाना शोधायला वेळ लागला नाही. ती मुलगी आता पन्नाशीची बाई झाली होती, आणि चार जणींना काम शिकवत होती. आखडलेल्या दोन बोटांत कुंचला असा बसला होता, जणू बोटं त्याच्याच मापाने वाकवली असावीत. मेणाच्या भांड्याच्या शेजारी पाण्याने भरलेलं मोठं घंगाळ आणि वर मग ठेवलेला. मी मावशींकडे पाहिलं. त्या नळ शोधत नव्हत्या. त्या तो हात बघत होत्या.

"पहचाना?" मावशींनी विचारलं.

"सिस्टर, आपको नहीं पहचानूँगी?" शमीमबी उठून आल्या. खुर्ची दिली, चहा सांगितला. मी संमतीचा कागद काढला आणि काय काय छापणार ते हिंदीत समजावायला लागले, तेवढ्यात मावशींनी माझा हात दाबला.

"शमीम, एक बात बोलनी है. उस दिन वो मोम मैंने खींचा था. नई-नई लगी थी मैं. मुझे लगा जल्दी निकाल दूँ तो जलन कम होगी. चमड़ी साथ में आ गई. डॉक्टर ने पूछा तो मैं चुप रही. वही में भी नहीं लिखा."

मी हातातला कागद खाली ठेवला. म्हणजे त्या साऱ्या वह्या, ते नळ, त्या बादल्या, ती लग्नातली बारा मिनिटं आणि वीस मिनिटं! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

शमीमबी शांतपणे म्हणाल्या, "मालूम है, सिस्टर. हाथ तो मेरा ही था ना."

मावशींनी वही बाजूला ठेवली. मग शमीमबीच म्हणाल्या, "उसके बाद डेढ़ महीना रोज पट्टी भी आपने ही की. अपनी छुट्टी के दिन भी. वो भी मालूम है." आणि कागद पुढे ओढत त्यांनी विचारलं, "ये है किस बात का?"

मी म्हणाले, "संशोधन का." आणि सवयीने 'मतलब रिसर्च' म्हणणार, तोच शमीमबी म्हणाल्या, "मतलब, गलती सुधारने का?"

"हाँ," मावशी म्हणाल्या. "वही."

शमीमबींनी त्याच हाताने सही केली. उर्दूत, झोकदार, नक्षीसारखी.

घरी आल्यावर मावशींनी डॉक्टरांना फोन लावला. "बेटा, मोम अपने आप नहीं निकलता. कोई खींचता है. मैंने खींचा था, वैसा ही लिखेंगे." डॉक्टर खूप समजावत होते, तुमच्या नावाला बट्टा लागेल, वगैरे. मावशींनी ऐकलं नाही. त्या बोलल्या आणि मी लिहिलं, की पहिल्या रुग्णाच्या हातावरचं मेण लेखकांपैकी एकीनेच ओढून काढलं होतं, आणि ते चुकलं होतं. त्या वाक्यातला एकही शब्द त्यांनी कापायला लावला नाही.

निबंध छापून आला तेव्हा कॉलनीत पेढे आम्ही वाटले आणि पेढे खाल्लेल्या प्रत्येकाने नव्या आधार कार्डाबद्दल अभिनंदन केलं. मावशींनी अंक हातात घेतला, चष्मा लावला, पण वाचलं काहीच नाही. माझ्यापुढे धरला. "ती ओळ दाखव." मी बोट ठेवलं. "बरोबर छापलंय?" "बरोबर छापलंय, मावशी." त्यांनी ती ओळ बोटाने एकदा चाचपून पाहिली, जखमेवरची पट्टी नीट बसली की नाही बघावं तशी, आणि अंक मिटला. आताशा त्या वही लिहीत नाहीत. संध्याकाळी डायनिंग टेबलाशी मी उगाचच जाऊन बसते, आम्ही चहा पितो, आणि कापायला एकही वाक्य नसतं. मला चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

अंक आला त्या दिवशी समोरच्या आंटींनी गॅलरीतून विचारलं होतं, "सिस्टर, हो गया संशोधन?"

"हो गया," मावशी म्हणाल्या.

आणि मी, जिने वर्षभर अख्ख्या कॉलनीला या शब्दाचा अर्थ शिकवला, त्या दिवशी आंटींना दुरुस्त केलं नाही.