दिव्याखालच्या दोन डब्या

चकतीबाईला कामात घाई खपायची नाही. मिस्सात, चर्चच्या प्रभुभोजनाच्या उपासनेत, लागणाऱ्या चकत्या म्हणजे पीठ आणि पाणी, बस्स. ना मीठ, ना खमीर, ना तेलाचा थेंब. पण करून बघा म्हणजे कळेल! तापलेल्या लोखंडी साच्यात पळीभर पातळ पीठ ओतायचं, दाबायचं, वाफेचा सुस्कारा ऐकायचा आणि करपायच्या आत उघडायचं. निघालेला पापुद्रा ओल्या कापडाखाली मऊ होऊ द्यायचा, नाहीतर कापताना भुगा. चर्चमागच्या त्या खोलीत खिडकीतून ऊन आत यायचं, उन्हात पीठ तरंगत राहायचं, आणि बाई त्यात अशी हरवायची की हाक मारली तरी तिला ती पाण्याखालून आल्यासारखी ऐकू यायची.

तिचा नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. काटेवाला म्हणायचे त्याला सगळे. चकत्या कापून उरलेलं कातरण हा गडी चहाबरोबर मूठमूठ खायचा, पण वेदीपाशी जाऊन प्रभूचं शरीर म्हणून तीच चकती घ्यायचं नाव नाही. "पीठ मी दळून आणतो, साचा मी घासतो," तो म्हणायचा, "मग देव त्यात शिरतो तरी कधी, ते सांग ना." एकदा तर त्यानं फादरांना चक्क विचारलं, मिस्साच्या आधी आणि नंतर चकती तोलून बघू का? आता बोला! फादर हसत सुटले. बाई मात्र घरी येऊन भांडी आपटत राहिली. चिडचिड वरवरची; आतून तिला भीती वाटायची. मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, यानं प्रभूला घ्यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

मग तो आजारी पडला आणि अंथरुणाला खिळला. बाईच्या डोळ्याला डोळा लागेनासा झाला. एका पहाटे तो म्हणाला, "फादरांना बोलाव. मला घ्यायचंय."

"अहो, कळलं का शेवटी?" तिनं विचारलं.

"छे गं. कळलं-बिळलं काही नाही. भूक लागलीय."

तापात बरळतोय की काय, असं वाटलं तिला. पण त्याचे डोळे स्वच्छ होते. ती तशीच फादरांना निरोप द्यायला धावली.

आता इथली रीत सांगायला हवी. दर खेपेच्या थोड्या चकत्या बाई एका पितळी डबीत घालून तयारीच्या खोलीतल्या फळीवर ठेवायची, फादरांनी मोडून बघाव्यात म्हणून. ते नुसतं पीठ. आणि मिस्सात प्रभूचं शरीर झालेल्या चकत्या आजाऱ्यांसाठी फादर तशाच दुसऱ्या डबीत घालून वेदीमागच्या कोनाड्यात, दिव्याखाली ठेवायचे. दोन्ही डब्या हुबेहूब सारख्या. सारख्याच घ्या, छान दिसतात, असा हट्ट कुणाचा? बाईचाच.

त्या सकाळी निरोप दिल्यावर बाई हातासरशी नमुन्याची डबी ठेवून आली. अंगात झोप, पायाखाली जमीन आहे की ढग, पत्ता नाही. फादर घरी आले, डबी उघडली, काटेवाल्यानं लहान मुलासारखा आ केला. चकती जिभेवर विरघळली. तो कितीतरी वेळ छताकडे बघत राहिला, मग बायकोचा हात गालाखाली घेऊन झोपला. बाईला वाटलं, आता मला काही म्हणजे काही नको.

दुपारी ती नमुन्याची डबी आणायला गेली. फळी रिकामी होती. ती कोनाड्याकडे धावली. दिव्याखाली एकच डबी. पण फादर डबी परत ठेवून गेलेच नव्हते, ती त्यांच्या झग्याच्या खिशातच होती. म्हणजे सकाळी झोपेच्या गुंगीत तिनं नमुन्याची डबी फळीऐवजी इथंच ठेवली होती, आणि दिव्याखाली दोन डब्या शेजारी शेजारी होत्या!

फादर आले. त्यांनी खिशातली डबी काढून दुसरीजवळ ठेवली. दोन्हीत त्याच खेपेच्या चकत्या, तोच रंग, तीच जाडी. बाईनं स्वतः भाजलेल्या. पण ती बघत राहिली, बघत राहिली, आणि तिला ओळखता येईना.

"तुम्ही कुठली उचललीत, फादर?"

"हाताला आली ती." फादरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चल, त्याच्या उशाशीच पुन्हा मिस्सा करतो."

दोघं धावत निघाले. रस्त्यावर लख्ख ऊन, दुकानांची दारं अर्धी मिटलेली, आणि बाईला वाटत होतं आपण पळतोय पण रस्ता काही सरत नाही. दारात नणंद उभी होती. तिच्याकडे बघताच बाई खाली बसली.

"झोपेतच गेला गं," नणंद म्हणाली. "कूस वळवली आणि गेला."

माती दिल्यानंतर बाई फादरांवर तुटून पडली. "त्यानं प्रभूला घेतलं की माझं पीठ खाल्लं? सांगा! एवढी पुस्तकं वाचलीत तुम्ही!"

"माहीत नाही," फादर म्हणाले.

"असं कसं माहीत नाही?"

"नाही माहीत, बाई. त्याला भूक लागली होती आणि प्रभू त्याला उपाशी पाठवणार नाही, असा माझा भरवसा आहे. पण ते कसं, ते मला कळत नाही. रोज ती चकती माझ्याच हातात असते, तरी कळत नाही." आणि एवढा मोठा माणूस बाही डोळ्यांना लावून रडला.

बाईचा राग कुठल्या कुठे गेला. दोन्ही डब्या वेदीवर होत्या. त्यातल्या चकत्या टाकून देता येत नव्हत्या. प्रभू असेल तर? आदरानं खाऊन संपवायला हव्या होत्या. ती वेदीपुढे गुडघे टेकून बसली. फादरांनी एक चकती उचलली. एरवी ते म्हणतात, "ख्रिस्ताचं शरीर," आणि घेणाऱ्यानं म्हणायचं, "आमेन," म्हणजे होय, खरंच. पण आज त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. खोटं कसं बोलणार? चकती हातात धरून ते नुसते उभे राहिले.

बाईनं वर बघितलं.

"आमेन," ती म्हणाली, आणि तोंड उघडलं.